शिट्टीनंतरचे दोन सेकंद

लहान मुलांच्या फुटबॉल सामन्याला कधी गेलात, तर शिट्टी वाजल्यावर बॉलकडे बघू नका. मुलांच्या माना कुठे वळतात ते बघा. रेफरीने हात कुठल्या दिशेला केलाय हे त्यांच्या नंतर लक्षात येतं. पहिली नजर जाते ती टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेवर, उभ्या असलेल्या कोचकडे. फाउल झाला की नाही हे दहा-अकरा वर्षांच्या पोराला नेमकं माहीत असतं, कारण पाय त्याचाच लागलेला असतो. पण या निर्णयावर चिडायचं की गुपचूप मागे जाऊन बॉलसमोर ओळीने उभं राहून वॉल लावायची, हे तो कोचचा चेहरा बघून ठरवतो. कोचने हात हवेत उडवले की मैदानभर हात उडतात. कोच म्हणाला, "चला, मागे या, आपापला माणूस धरा," की पोरं माणूस धरायला पळतात.

मुलांना फुटबॉल शिकवायला लागल्यापासून मी या दोन सेकंदांचा जितका विचार केलाय, तितका बहुधा कुठल्याच ड्रिलचा केला नसेल. पास कसा द्यायचा, बॉल कसा थांबवायचा, बचावात कुठे उभं राहायचं, हे आपण ठरवून शिकवतो. शिट्टीनंतर कसं वागायचं हे न ठरवताही शिकवलं जातं, दर सामन्यात, आपल्या खांद्यांवरून, आवाजावरून, भुवयांवरून. खिलाडूवृत्तीवर वर्षातून एखादं भाषण देऊन ते शिक्षण पुसता येत नाही.

आधी रेफरी कोण असतो ते बघू. मुलांच्या सामन्यांत शिट्टी पुष्कळदा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात असते. कोर्स नुकताच झालेला, नियमांचं पुस्तक पाठ, आणि छातीत धडधड. अनुभवी रेफरी मोठ्यांच्या सामन्यांना जातात, त्यामुळे सगळ्यात कमी अनुभवाच्या रेफरीच्या वाट्याला सगळ्यात लहान मुलांचे सामने येतात. आणि भोवती उभे असतात सगळ्यात जास्त जीव गुंतलेले प्रेक्षक, म्हणजे खेळाडूंचे आईबाप. लाइन्समन, म्हणजे रेषेवरचे सहायक पंच, बहुतेक वेळा नसतातच. असले तर एखाद्या पालकाच्या हातात झेंडा दिलेला असतो आणि बॉल बाहेर गेला एवढंच त्याने सांगायचं असतं.

अशा एकट्या रेफरीकडून आपण ऑफसाइड अचूक हवा म्हणून भांडतो, म्हणजे पुढचा खेळाडू बॉलच्या आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे होता का, हा निर्णय. ऑफसाइड ठरतो तो साथीदाराने बॉलला स्पर्श केला त्या क्षणी पुढचा खेळाडू कुठे होता यावर. म्हणजे वीस-तीस मीटर अंतरावरच्या दोन जागा एकाच क्षणी दिसायला हव्यात. २००० मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत डच संशोधकांचा एक अभ्यास छापून आला होता. खास लाइनवर नेमलेले सहायक पंचसुद्धा शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या नेमक्या रेषेत नसतात, थोडे पुढेमागे असतात, आणि त्या तिरक्या कोनामुळेच खेळाडू आहे त्याहून पुढे किंवा मागे दिसतो, असं त्यांनी दाखवून दिलं. यात डोळ्यांचा दोष नाही आणि हेतूचा तर नाहीच. आता मैदानाच्या मधोमध धावणारी सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. आणि कोच कुठे असतो तेही आठवा. तो मैदानाच्या मध्यरेषेजवळ उभा असतो, गोलच्या रेषेपासून चाळीस-पन्नास मीटरवर, तिच्याहूनही तिरक्या कोनात. "मला स्वच्छ दिसलं" हे वाक्य तिथून कुणालाही म्हणता येत नाही.

बारा वर्षांखालच्या मुलांच्या एका सामन्यातली अशीच एक मुलगी माझ्या चांगली लक्षात आहे. पहिली दहा मिनिटं तिने छान सांभाळली. शिट्टी खणखणीत, हात ताठ. मग एक थ्रो-इन तिने उलट्या बाजूला दिला. साधी चूक होती, बॉल कुणाच्या पायाला शेवटचा लागला ते तिला दिसलं नव्हतं. समोरच्या बाजूने एका मोठ्या माणसाचा आवाज आला, मग दुसरा, मग त्यांच्या कोचचा. त्यानंतर तिची शिट्टी उशिरा वाजायला लागली. वाजवण्याआधी ती टचलाइनकडे बघायला लागली. मध्यंतरानंतर तर स्पष्ट फाउलही सुटायला लागले, आणि जी मंडळी ओरडली होती त्यांच्याच एका मुलाच्या घोट्यावर मागून लाथ बसली तेव्हा शिट्टी वाजलीच नाही. ओरडणाऱ्यांना वाटतं की आपण रेफरीला सुधारतोय. प्रत्यक्षात ते आपल्या मुलांचं संरक्षण काढून घेत असतात. घाबरलेला रेफरी मुलांना सांभाळू शकत नाही. इतर सगळे मुद्दे बाजूला ठेवले तरी एवढ्या एका कारणासाठी मी टचलाइनवरचं तोंड बंद ठेवायला सांगेन.

आणि ओरडून मिळतं काय? फुटबॉलच्या सतरा नियमांपैकी पाचव्या नियमाप्रमाणे खेळातल्या घटनांबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम असतो. खेळ पुन्हा सुरू होण्याआधी स्वतःच्या लक्षात आलं किंवा सहायक पंचाने सांगितलं तर तो बदलता येतो, नंतर नाही. कोचच्या आवाजावर निर्णय बदलण्याची तरतूद सतरा नियमांत कुठेच नाही.

हे सतरा नियम किती कोच वाचतात, हा मला नेहमी पडणारा प्रश्न आहे. टचलाइनवरून ऐकू येणाऱ्या आरोळ्यांपैकी बऱ्याच नियमाला धरून नसतात. "आधी बॉलला लागलाय!" ही त्यातली सगळ्यात लाडकी. बॉलला आधी पाय लागला म्हणून बेदरकार टॅकल, म्हणजे दुसऱ्याच्या पायातला बॉल काढून घ्यायला मारलेली धडक, माफ होतो असं कुठेही लिहिलेलं नाही. "लास्ट मॅन!" ही दुसरी. नियमात शेवटचा माणूस असा शब्दच नाही, गोलची स्पष्ट संधी हिरावली का एवढं बघायचं असतं, आणि २०१६ पासून पेनल्टी क्षेत्रात बॉल खेळण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात तसा फाउल झाला तर साधारणपणे लाल नव्हे, पिवळं कार्ड मिळतं. हँडबॉलचा मजकूर २०१९ मध्ये बदलला आणि २०२१ मध्ये परत बदलला. गोल किक पेनल्टी क्षेत्राबाहेर जायलाच हवी हा नियमही २०१९ मध्ये गेला. सोळा वर्षांच्या रेफरीने नवं पुस्तक वाचलेलं असतं आणि चाळिशीतला कोच आपल्या शाळेच्या दिवसांतला नियम मोठ्या आवाजात सांगत असतो. मी स्वतः रेफरीचा कोर्स केला तो यासाठीच, आणि कोच होऊ बघणाऱ्या प्रत्येकाला तो करायला सांगतो. शिट्टी हातात घेऊन वीस मिनिटं धावलं की बरंच काही आपोआप कळतं.

सरावातही मी मुलांना आळीपाळीने रेफरी करतो. पाच-पाच जणांचा सामना, अकराव्याच्या हातात शिट्टी. आमच्याकडचा एक मिडफिल्डर होता, खेळायला हुशार आणि प्रत्येक निर्णयावर बोलणारा. त्याची पाळी आली. तिसऱ्या मिनिटाला दोघं एकमेकांवर आदळले, दोघेही "माझा बॉल" म्हणून ओरडले, आणि हा तोंडात शिट्टी धरून नुसता उभा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्ही बघितलं का?" मी म्हणालो, "रेफरी तू आहेस. काहीतरी दे." त्याने ड्रॉप बॉल दिला, म्हणजे स्वतः बॉल खाली टाकून खेळ परत सुरू केला, आणि दोन्ही संघ त्याच्यावर तुटून पडले. त्या दिवशी तो घामाघूम झाला तो धावून नव्हे. पुढच्या सामन्यात तो संत झाला असं काही नाही. अजूनही निर्णय विरुद्ध गेला की त्याचा चेहरा पडतो. पण तोंड उघडत नाही, वळतो आणि आपल्या जागेवर जातो. बारा वर्षांच्या मुलाकडून मला एवढंच हवं आहे.

पिवळ्या आणि लाल कार्डांची गोष्टही मी मुलांना सांगतो, कारण तिच्या मुळाशी असाच एक गोंधळ आहे. १९६६ च्या विश्वचषकात वेम्बलीवर इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्यातला उपांत्यपूर्व सामना होता. जर्मन रेफरी रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अँतोनियो रात्तिन याला बाहेर काढलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि रात्तिन बराच वेळ मैदान सोडायला तयार नव्हता. त्या स्पर्धेतल्या रेफरींची जबाबदारी इंग्लंडच्या केन अ‍ॅस्टन यांच्याकडे होती. नंतर गाडी चालवताना सिग्नलचे दिवे बघून त्यांना रंगांची युक्ती सुचली, आणि १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा वापरली गेली. मुलांना कार्ड म्हणजे शिक्षा वाटते. ते आधी एक स्पष्ट निरोप आहे, कुठल्याही भाषेच्या माणसाला कळेल असा, हे सांगितलं की त्यांची त्याच्याकडे बघायची नजर जरा बदलते.

कोचला मात्र कार्ड दाखवायची सोय नियमांत आली ती थेट २०१९ मध्ये. त्यातलं एक कलम मला फार आवडतं. राखीव बाकाजवळून कुणी गैरवर्तन केलं आणि नेमकं कोण हे रेफरीला ओळखता आलं नाही, तर तिथे हजर असलेल्या सर्वात वरिष्ठ कोचला कार्ड मिळतं. तुझ्या अंगणातून आवाज आला, तर तू उत्तर दे. मुलांच्या फुटबॉलमध्ये ही जबाबदारी मी पालकांच्या बाजूपर्यंत पसरलेली मानतो. आमच्या मुलांच्या मागे उभा असलेला कुणी रेफरीला बोलला, तर ते माझ्या खात्यावर जमा होतं. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधी मी पालकांना एकत्र बसवून सांगतो की टाळ्या वाजवा, नावं घेऊन हाका मारा, पण खेळ कसा खेळायचा ते ओरडून सांगू नका आणि रेफरीशी बोलू नका. बॉल पायात असलेल्या मुलाला आईचं "मार!", बाबांचं "पास दे!" आणि माझं काहीतरी तिसरंच एकाच वेळी ऐकू येत असतं. त्याने विचार कधी करायचा? बहुतेक पालक ऐकतात. एखाद्याला परत सांगावं लागतं, बाजूला घेऊन, आवाज न चढवता.

याकडे दुर्लक्ष झालं तर गोष्टी कुठवर जातात हे २०१२ च्या डिसेंबरात नेदरलँड्समधल्या आल्मेर शहरात दिसलं. मुलांचाच सामना होता. स्वतःचा मुलगा खेळत होता म्हणून एका बापाने हौसेने लाइन्समनचा झेंडा हातात घेतला होता. सामना संपल्यावर समोरच्या संघातल्या किशोरवयीन मुलांनी त्याला खाली पाडून लाथा घातल्या. दुसऱ्या दिवशी तो गेला. डच फुटबॉल संघटनेने पुढच्या शनिवार-रविवारचे सगळे हौशी सामने रद्द केले. न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत मुलं होती, आणि एका खेळाडूचा बापही होता. ही बातमी मी पालकांच्या बैठकीत दरवेळी सांगतो. त्या मुलांना त्या दिवशी अचानक वेड लागलं असं मला वाटत नाही. झेंडा हातात घेतलेला माणूस हा आपला शत्रू आहे, हे त्यांना कुणीतरी, कितीतरी आधी, किरकोळ वाटणाऱ्या सामन्यांत शिकवलेलं असणार.

इंग्लंडने यावर बरेच उपाय करून बघितले. २००८ मध्ये 'रिस्पेक्ट' नावाची मोहीम काढली, प्रेक्षकांना रेषेपासून मागे ठेवण्यासाठी दोर आणि पट्ट्या लावल्या. २०२३ मध्ये हौशी सामन्यांतल्या रेफरींच्या छातीवर कॅमेरे बसवून बघितले. दोर चांगला आहे. कॅमेऱ्याचं मला वाईट वाटतं. त्याला विरोध नाही, रेफरी सुरक्षित राहत असेल तर जरूर लावावा, पण रविवारी सकाळी मुलांचा खेळ चालवायला येणाऱ्या माणसाला पुराव्याची सोय बरोबर घेऊन यावं लागतं, याची आम्हा कोच मंडळींना लाज वाटायला हवी.

तिथलाच एक उपाय मला मनापासून पटलेला आहे. २०१९ च्या हंगामापासून तिथल्या हौशी फुटबॉलमध्ये रेफरीशी हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटं मैदानाबाहेर बसावं लागतं. त्याची किंमत तिथल्या तिथे, संपूर्ण संघाला कळते. आणि मुख्य म्हणजे खेळाडू परत येतो. दंड भरून विसरून जाण्यापेक्षा किंवा पुढचा सामना बुडण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे. आमच्याकडे लीगचा तसा नियम नव्हता तेव्हाही मी तो माझ्या संघापुरता लावला. रेफरीला उलट बोललास तर मी तुला बदलणार. माझ्याशेजारी बसायचं, पाणी प्यायचं, डोकं थंड झालं की सांगायचं, मग परत जायचं.

नियम सोपा आहे, तो पाळणं अवघड. राखीव खेळाडू हुज्जत घालतो तेव्हा त्याला बाहेर काढायला कुणाचीच हरकत नसते. आमचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड एका बाद फेरीच्या सामन्यात, बरोबरी असताना, त्याच्याविरुद्ध फाउल दिल्यावर रेफरीच्या तोंडासमोर टाळ्या वाजवायला लागला. एक शब्द बोलला नाही. नुसत्या सावकाश टाळ्या. रेफरी विशीच्या आतला होता, त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. कार्ड निघालं असतं तर ते बरोबरच होतं, कारण नियमात शब्दांनी किंवा कृतीने नाराजी दाखवणं असंच लिहिलेलं आहे. मी बदली मागितली. तो बाहेर आला, रडवेला, रागाने लाल. मागून त्याचे वडील आले. "सर, एका टाळीसाठी? आज?" मी म्हणालो, "आजच." सकाळच्या सरावात जे सांगितलं ते संध्याकाळी गोल हवा म्हणून मागे घेतलं, तर बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसलेल्या प्रत्येक मुलाला कळतं की सरांचा शब्द स्कोअर बघून बदलतो. तो मुलगा काही मिनिटांनी "सर, जाऊ?" म्हणाला. परत गेला आणि जाताना रेफरीला "सॉरी सर" म्हणाला, हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

सोळा वर्षांच्या रेफरीलाही मी "सर" म्हणतो, मुलगी असली तर "मॅडम", आणि बोलणं अहो-जाहोचं. सामन्याआधी ओळख करून घेतो, आमचा कर्णधार कोण ते सांगतो, काही विचारायचं असलं तर तोच विचारेल हेही सांगतो. २०२४ च्या युरो स्पर्धेत मोठ्यांसाठीही हाच दंडक होता, निर्णयाबद्दल रेफरीशी फक्त कर्णधाराने बोलायचं, आणि त्यामुळे रेफरीभोवती पडणारा घोळका बराच कमी झालेला सगळ्यांनी पाहिला. मुलांच्या संघात कर्णधारपद त्यासाठीही असावं. मी ते आलटून पालटून देतो, लाजऱ्या मुलांनाही. एका मोठ्या माणसाशी, मनात राग असताना, नीट वाक्य बोलता येणं ही त्यांना आयुष्यभर लागणारी गोष्ट आहे.

आदर म्हणजे गप्प बसणं असं कुणी समजू नये. डोक्याला मार लागून मूल खाली पडलं असेल तर मी मोठ्याने ओरडून खेळ थांबवायला सांगतो, तिथे कसलीही भीड नाही. धोकादायक टॅकल सुटत असतील तर मध्यंतरात, एकट्याने जाऊन, शांतपणे सांगतो की मला मुलांच्या पायांची काळजी वाटतेय. एखादा रेफरी खरोखरच पक्षपात करतोय असं वाटलं, तर रात्र जाऊ देतो आणि सकाळी लीगला लेखी कळवतो. रात्र गेल्यावर त्यातली निम्मी वाक्यं लिहावीशीच वाटत नाहीत, आणि जी उरतात त्यांना वजन असतं.

मुलांशी मात्र खोटं बोलायचं नाही. "रेफरी नेहमी बरोबर असतो" असं सांगणारे कोच मला माहीत आहेत. मुलांना ते खोटं आहे हे कळतं, आणि मग आपल्या बाकीच्या शब्दांवरचाही त्यांचा विश्वास उडतो. मी सांगतो, "मलाही तो निर्णय चुकीचा वाटला. तू पहिल्या हाफमध्ये मोकळा गोल सोडलास तेव्हा तुला कुणी ओरडलं का? मग त्यांचंही तसंच." मुलांच्या चुका आपण शिकण्याचा भाग म्हणून पोटात घालतो. त्याच मैदानावर, त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठं असलेलं दुसरं मूल शिकत असतं. त्यालाही तेवढीच सवलत मिळायला नको?

जिंकतानाच्या वागण्याबद्दल वेगळं फार सांगायला लागत नाही. सहा-शून्य झालं की जागा बदलायच्या, बचावपटूला पुढे खेळवायचं, गोलनंतर नाचायचं नाही. मुलं हे पटकन उचलतात. हरणं आणि विरुद्ध गेलेला निर्णय, हेच अवघड.

पाऊस पडून मैदान बंद असतं तेव्हा आम्ही गोष्टींवर वाद घालतो. १९९७ मध्ये आर्सेनलविरुद्ध लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरला पेनल्टी मिळाली, आणि गोलकीपर डेव्हिड सीमनने मला पाडलंच नाही असं तो स्वतःच रेफरीला सांगत राहिला. रेफरीने निर्णय बदलला नाही. फाउलरची किक सीमनने अडवली, पण परत आलेल्या बॉलवर लिव्हरपूलच्याच मॅकएटीरने गोल केला. "मुद्दाम हळू मारली असेल," असं एक गट म्हणतो. "मग दुसऱ्याने गोल का केला?" असं दुसरा.

पण सगळ्यात जास्त भांडण होतं ते इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतल्या लीड्स आणि अ‍ॅस्टन व्हिला या क्लबांच्या २०१९ च्या एप्रिलमधल्या सामन्यावरून. व्हिलाचा खेळाडू जखमी होऊन पडलेला असताना लीड्सने खेळ चालू ठेवून गोल केला. नियमाप्रमाणे गोल वैध होता, रेफरीने तो दिला यात काही चूक नव्हती. मैदानावर धक्काबुक्की झाली. आणि लीड्सचे कोच मार्सेलो बिएल्सा यांनी टचलाइनवरून आपल्या खेळाडूंना सांगितलं की त्यांना गोल करू द्या. सगळे बाजूला झाले, एकटा बचावपटू पोंतुस यान्सन सोडून. तो अडवायला धावला, त्याला चुकवून व्हिलाने गोल केला, सामना १-१ सुटला. लीड्सची थेट वरच्या श्रेणीत जाण्याची उरलीसुरली आशा त्या बरोबरीने संपली. वर जाण्याच्या उरलेल्या जागेसाठीच्या प्लेऑफ सामन्यांतही ते हरले. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, लीड्स पहिला क्रमांक मिळवून वर गेला. गोष्ट सांगताना हे शेवटचं वाक्य जोडायचा मोह होतो, पण मी ते जोडत नाही. चांगलं वागलं की बक्षीस मिळतं असा हिशेब त्यातून निघतो, आणि तो खरा नाही.

मागच्या पावसाळ्यात यावरून खूप वेळ वादावादी झाली. आमचा सेंटर-बॅक ठामपणे यान्सनच्या बाजूने होता. गोल रेफरीने दिलाय, मग आपण परत का करायचा? दुसरा म्हणाला, रेफरीने दिला म्हणजे घेतलाच पाहिजे असं नाही. तिसऱ्याला कोचने न विचारता ठरवलं याचाच राग आला होता. मी कुणालाच बरोबर किंवा चूक म्हटलं नाही. शेवटी आमची गोलकीपर, जी एरवी फारशी बोलत नाही, म्हणाली, "सर, मी बाजूला झाले असते. पण मला खूप रडू आलं असतं."

मी म्हणालो, "चालेल."